विनिपेग सरोवराकाठचे आइसलँड

काशीस गंगेवर रेल्वेचा जो जुना पूल आहे, तो आज मालवीय पूल म्हणून ओळखला जातो; परंतु 1887 साली तो बांधला गेला तेव्हा त्यास डफरिन पूल हे नाव देण्यात आले होते. मुंबई बंदरात कित्येक वर्षे नांगरून राहिलेल्या, नाविक अधिकारी तयार करणाऱ्या जहाजाचे नावही डफरिनच होते, आणि देशातील अनेक शहरांत स्त्रियांसाठी निघालेली इस्पितळे याच घराण्यातील लेडी डफरिन यांच्या नावाने चालली. लॉर्ड डफरिन हे 1884 ते 1888 या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन मुंबईस भरले ते त्यांच्याच अमदानीत, आणि सुशिक्षित हिंदी लोक म्हणजे सूक्ष्मदर्शकातून पाहावा असा एक अल्पसंख्य वर्ग, अशा आशयाचे त्यांचे उद्गार आपल्या राजकीय इतिहासात कुप्रसिद्ध आहेत. हेच गृहस्थ हिंदुस्थानात येण्यापूर्वी सात वर्षे, सप्टेंबर 1877 मध्ये, कॅनडाचे गव्हर्नर जनरल या नात्याने विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावरील एका दरिद्री खेड्यात उभे राहिले आणि तेथील लोकांपुढे त्यांनी एक भाषण केले. त्या भाषणात त्यांनी सांगितले की, या वस्तीतील ज्या ज्या झोपडीत आपण पाऊल टाकले, तेथे भिंती उघड्या असोत की सामानसुमान नसो, वीसतीस पुस्तकांचा संग्रह आढळला नाही असे झाले नाही. राणीचे प्रजाजन होताना तुम्हांला आपल्या पूर्वजांच्या चालीरीती व गाथा विसरावयाचे कारण नाही, असेही आश्वासन त्यांनी दिले. पुढे कलकत्त्यास बसून हिंदी सुशिक्षितांविषयी जी सहानुभूती या मुत्सद्द्यास दाखविता आली नाही, ती त्याने या मूठभर शेतकऱ्यांपुढे मनमोकळेपणाने दाखविली. त्या खेड्याचे नाव गिमली आणि ते लोक आइसलँडचे.

डफरिन यांच्या या आपुलकीस एक जुने कारण होते. 1856 साली, ऐन तारुण्यात, आपल्या लहानशा शिडाच्या जहाजातून ते आइसलँडला जाऊन आले होते. रेक्याविक येथील मेजवानीत त्यांनी चक्क लॅटिन भाषेत भाषण ठोकले होते आणि त्या प्रवासावर लिहिलेले त्यांचे पुस्तक इंग्लंडात बरेच वाचले गेले होते. आइसलँड हे बेट आकाराने महाराष्ट्राच्या सुमारे एकतृतीयांश. तथापि त्याचा बहुतेक अंतर्भाग हिमनद्या, लाव्हारस आणि उजाड माळ यांनी व्यापलेला असल्यामुळे गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे 1870 च्या सुमारास, तेथे सत्तर हजारांच्या आसपासच माणसे राहत होती. राज्य डेन्मार्कचे. उपजीविका मेंढ्या, गवत व मासे यांवर. झाडे जवळजवळ नाहीतच. त्यामुळे घरेही दगड आणि गवताच्या ढलप्या रचून उभारलेली.

या लोकांचे दारिद्र्य विलक्षण होते आणि त्यांचे अक्षरप्रेमही तितकेच विलक्षण. दीर्घ हिवाळी रात्री घरातील सर्व माणसे एकाच खोलीत बसत. कोणी लोकर पिंजीत असे, कोणी सूत कातीत असे, कोणी विणीत असे. आणि एकजण दिव्यापाशी बसून पूर्वजांच्या गद्य गाथा मोठ्याने वाचीत असे. मुले अक्षरे शिकत ती शाळेत नव्हे, तर या बैठकीत. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावावी, तशी ही रोजची पोथी. फक्त तीत देवांपेक्षा शेजाऱ्यांची भांडणे, खटले आणि समुद्रपर्यटने अधिक असत.

मग अशा लोकांनी देश का सोडला? पुष्कळदा याचे उत्तर एका ज्वालामुखीकडे बोट दाखवून दिले जाते. 1875 च्या मार्चअखेर आस्क्या या ज्वालामुखीचा स्फोट झाला, पूर्व आइसलँडमधील कुरणे राखेखाली गेली, आणि ती राख वाऱ्याबरोबर स्कँडिनेव्हियापर्यंत पोहोचली, हे खरे आहे. परंतु देशांतराचा ओघ त्याआधीच सुरू झाला होता. मुळाशी प्रश्न जमिनीचा होता. ज्याच्यापाशी स्वतःची शेती नाही अशा मनुष्याने वर्षाच्या कराराने कोणा तरी शेतकऱ्याच्या घरी चाकरीस राहिलेच पाहिजे, असा तेथे कायदा होता. अशा गड्यास स्वतःचे बिऱ्हाड थाटणे कठीण आणि लग्न करणे त्याहून कठीण. त्यात कडक हिवाळे, किनाऱ्याला येऊन भिडणारा समुद्रातील बर्फ आणि मेंढ्यांचे रोग. अशा वेळी समुद्रापलीकडे 160 एकर जमीन केवळ वहिवाटीच्या अटीवर मिळते, ही वार्ता त्या गड्याच्या कानी कशी पडली असेल, याची कल्पना करावी. 1870 ते 1914 या काळात पंधरा हजारांहून अधिक आइसलँडकर उत्तर अमेरिकेस गेले, असे अभ्यासक मानतात. सत्तर हजारांच्या देशास ही लहान गळती नव्हे.

पहिली पावले अडखळलीच. 1874 च्या शरद ऋतूत साडेतीनशेच्या सुमारास माणसे ओंटारिओतील किनमाउंट येथे रेल्वेच्या कामावर आणण्यात आली. दाटीवाटीच्या ओंडक्यांच्या घरांत कित्येक मुले दगावली, आणि वसंतात रेल्वेचे कामही थांबले. या लोकांबरोबर जॉन टेलर नावाचे एक धर्मप्रचारक होते. त्यांना आइसलँडी भाषा येत नव्हती. परंतु हालअपेष्टा कळावयास भाषा लागत नाही. त्यांनी राजधानीत खेटे घातले, डफरिन यांच्या शब्दाचे वजन पडले, आणि सरकारने नव्या वसाहतीसाठी मदत मंजूर केली. 1875 च्या उन्हाळ्यात काही निवडक माणसे जमीन पाहण्यास पश्चिमेकडे गेली. त्यांत सिग्त्रिग्गुर योनासन हा तरुण होता. कॅनडात येऊन राहिलेला हा पहिल्या आइसलँडकरांपैकी एक, आणि पुढे या वसाहतीचा जनक म्हणून गणला गेलेला.

या मंडळींची निवड आज चमत्कारिक वाटते. रेड नदीच्या खोऱ्यातील काळीभोर, सपाट, झाडे तोडावी न लागणारी जमीन सोडून त्यांनी उत्तरेकडील सरोवराकाठचे दलदलीचे रान पसंत केले. कारणे मात्र अगदी व्यवहारी होती. त्या वर्षी खोऱ्यातील पिके टोळांनी फस्त केलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. सरोवराकाठी टोळ नव्हते. सरोवरात मासे होते, आणि मासे हे त्यांच्या ओळखीचे पीक. घरास व सरपणास लाकूड होते. महासागरापासून महासागरापर्यंत जाणारी नियोजित रेल्वे सेल्कर्कजवळ नदी ओलांडणार होती, म्हणजे वसाहतीपासून फार दूर नव्हती. पुढे ती रेल्वे दक्षिणेस विनिपेगवरून गेली आणि नकाशावरील एक रेघ सरकल्याने अनेकांच्या नशिबाची रेघही सरकली, तो भाग वेगळा. सर्वांत मोठे कारण म्हणजे तेथे केवळ आइसलँडकरांसाठी एक सलग पट्टा राखून ठेवावयास सरकार तयार होते. 1875 च्या ऑक्टोबरात तसा हुकूम निघाला.

तो पट्टा रिकामा आहे, असे त्या हुकुमात गृहीत धरलेले होते.

17 ऑक्टोबरला मंडळी विनिपेगहून सपाट तळाच्या नावांतून रेड नदीने उत्तरेकडे निघाली. नदीच्या मुखाशी हडसन्स बे कंपनीच्या ‘कोल्व्हिल’ या आगबोटीने त्या नावा ओढून घेतल्या. जावयाचे होते आणखी उत्तरेस, एका नदीच्या काठी. परंतु हवा बिघडली म्हणून 21 ऑक्टोबर रोजी एका वाळूच्या भूशिरावरच त्यांना उतरविण्यात आले. आइसलँडच्या जुन्या पंचांगाप्रमाणे हिवाळ्याचा आरंभ त्याच आठवड्यात होतो. पहिल्याच रात्री उघड्यावर एक मूल जन्मास आले. थोड्याच दिवसांत सरोवर गोठले.

ज्यांनी जन्मात झाड तोडले नव्हते त्यांनी आता कुऱ्हाडी उचलल्या. ओंडक्यांची तीसेक घरे घाईघाईने उभी राहिली. वस्तीला त्यांनी गिमली हे नाव दिले. जुन्या नॉर्स पुराणकथेप्रमाणे जगाचा प्रलय झाल्यानंतर जे पुण्यवंत उरतील, त्यांच्या निवासासाठी असलेले सूर्याहून तेजस्वी, सोन्याने शाकारलेले मंदिर म्हणजे गिमली. फटींतून बर्फ आत येणाऱ्या झोपड्यांना हे नाव देणाऱ्यांच्या अंगी श्रद्धा अधिक होती की विनोद, हे सांगणे कठीण आहे.

हे लोक पिढीजात कोळी. परंतु त्यांची जाळी समुद्रातील माशांसाठी विणलेली, त्यांचे घर मोठे, आणि सरोवरातील मासा त्यांतून निसटून जाई. गोठलेल्या सरोवरात बर्फास भोके पाडून त्याखालून जाळे कसे पसरावे, हे त्यांना माहीत नव्हते. पारा उणे चाळीसपर्यंत उतरे; त्या बिंदूवर फॅरनहाइट आणि सेल्सियस ही दोन्ही मापे एकच आकडा दाखवितात. ज्यांचे सारे जेवण घरी दुधादह्यावर चाले, त्यांना येथे गायच नव्हती, कारण गवत कापून ठेवण्यास वेळच मिळाला नव्हता. रक्तपिती रोगाने माणसे हिरड्या सुजून मरू लागली. बर्फाखालची मासेमारी, प्राण्यांचे माग, पायांना बांधावयाच्या जाळीदार पादुका, थंडीत अंग कसे राखावे ही सर्व विद्या त्यांना शिकावी लागली, आणि ती शिकविणारे लोक जवळच राहत होते.

हे लोक म्हणजे सोटो आणि क्री जमातींचे मूळ रहिवासी. ज्या नदीकडे आइसलँडकरांना मुळात जावयाचे होते, त्या नदीच्या मुखाजवळ सँडी बार नावाच्या ठिकाणी त्यांचे गाव होते. ओंडक्यांची घरे होती, बटाट्यांचे मळे होते. सप्टेंबर 1875 मध्ये राणीच्या सरकारने सरोवराकाठच्या जमातींशी पाचव्या क्रमांकाचा करार केला. त्या सुमारास आपल्याला याच नदीकाठी राखीव जमीन मिळावी, अशी सँडी बारच्या लोकांची मागणी होती. परंतु करारावर सह्या होत असताना तीच जमीन दुसऱ्या फायलीत दुसऱ्यांना देऊ केली जात होती. ज्यांना सरकारी दप्तरांचा परिचय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

1876 च्या उन्हाळ्यात आइसलँडहून सुमारे बाराशे माणसांचा मोठा जथा आला आणि काही कुटुंबे त्या नदीकडे सरकली. तेथे जॉन रॅम्से नावाचा एक सोटो पुरुष त्यांना आडवा आला. त्यांची नाव काठाला लागू नये म्हणून त्याने ती पाण्यात परत ढकलली, अशी हकीकत त्या वस्तीतील लोकांनीच पुढे लिहून ठेवली आहे. सरकारी अधिकाऱ्यांनी निकाल दिला तो आइसलँडकरांच्या बाजूने. रॅम्से त्या निकालावर रुसून बसला असता तर कोणी त्यास दोष दिला नसता. परंतु पुढच्या हिवाळ्यात याच मनुष्याने त्या कुटुंबांना शिकारीचे मांस आणून दिले, वाटा दाखविल्या, आणि त्यांची मुले त्याच्याशी खेळत वाढली.

मग देवीची साथ आली. मोठ्या जथ्याबरोबर, बहुधा क्वेबेकच्या बंदरातून, हा रोग आला. आरंभी लोकांनी त्यास कांजिण्या समजून दुर्लक्ष केले. नोव्हेंबरात निदान पक्के झाले. 1707 ते 1709 या वर्षांत याच रोगाने आइसलँडमधील चतुर्थांशाहून अधिक प्रजा नेली होती; ती भीती त्यांच्या कथांतून जिवंत होती. लस निघून ऐंशी वर्षे झाली होती, तरी ती सर्वांच्या दंडापर्यंत पोहोचली नव्हती. त्या एका हिवाळ्यात शंभराहून अधिक आइसलँडकर मरण पावले, आणि त्यांत बहुसंख्य मुले होती. जमीन गोठलेली असल्याने कित्येक शवपेट्या वसंतापर्यंत तशाच ठेवाव्या लागल्या. दक्षिणेस नेटली खाडीपाशी सरकारने पहारा बसविला. वसाहतीतून बाहेर पडू पाहणाऱ्याने तेथे थांबावे, स्नान करावे, कपडे बदलावे, तेव्हाच पुढे जावे. मासे, कातडी यांची विक्री बंद झाली. विनिपेगमध्ये मजुरीस जाऊन चार पैसे आणण्याची वाटही बंद झाली. जुलै 1877 मध्ये पहारा उठला, आणि दोन महिन्यांनी डफरिन यांनी गिमलीस भेट दिली. त्यांनी ज्या पुस्तकांची वाखाणणी केली, त्यांतली कित्येक पुस्तके वाचणारी मुले त्या वेळी सरोवराकाठच्या रेताडात पुरलेली होती.

परंतु आइसलँडकरांच्या नशिबी जे आले त्याहून भयंकर ते सँडी बारच्या नशिबी आले. तेथील गाव जवळजवळ ओस पडले. जॉन रॅम्सेची बायको बेट्सी गेली, मुले गेली. मेरी नावाची एक मुलगी अंगावर व्रण घेऊन वाचली. पुढच्या उन्हाळ्यात आरोग्याच्या कारणास्तव सरकारी माणसांनी तेथील घरे जाळून टाकली. रोग निपटण्यासाठी ती जाळणे आवश्यक होते, असे म्हणता येईल. मात्र आइसलँडकरांची घरे धुऊन, धुरी देऊन शुद्ध करण्यात आली, ही गोष्टही त्याच कागदपत्रांत आहे. घरे जळाल्यावर त्या जागेवरील हक्काचा उरलासुरला पुरावाही जळाला. वाचलेली माणसे इतर वस्त्यांत विखुरली.

एवढ्या आघातांतून सावरताच वसाहतकऱ्यांनी हाती घेतलेली दोन कामे पाहण्यासारखी आहेत. एक म्हणजे छापखाना. सप्टेंबर 1877 मध्ये नदीकाठच्या एका ओंडक्यांच्या घरातून ‘फ्रामफारी’ हे आइसलँडी भाषेतील वृत्तपत्र निघू लागले. ज्या वसाहतीत धड रस्ता नव्हता तेथे संपादकीय लेख होते, आणि लेखांना खरपूस उत्तरेही होती. दुसरे काम राज्यघटनेचे. ही जागा तेव्हा मॅनिटोबा प्रांताच्या सीमेबाहेर, कीवॅटिन नावाच्या विरळ वस्तीच्या जिल्ह्यात मोडत होती. तेथे स्थानिक कारभार असा नव्हताच. तेव्हा लोकांनी सभा भरवून 1877 मध्ये तात्पुरते आणि जानेवारी 1878 मध्ये कायम स्वरूपाचे नियम मंजूर केले. वसाहतीचे चार विभाग, प्रत्येकास निवडलेली समिती, त्या सर्वांवर एक मध्यवर्ती मंडळ. रस्त्यांसाठी प्रौढ पुरुषांनी श्रम द्यावेत. विधवा व पोरकी मुले यांची तजवीज समितीने पाहावी. जन्म, मृत्यू, पिके, गुरे यांची नोंद ठेवावी. तंटे आधी पंचांपुढे यावेत. काही उत्साही लेखक यास नव्या आइसलँडचे प्रजासत्ताक म्हणतात. ते तितकेसे खरे नव्हे. हे लोक कॅनडा सरकारास मानीत होते आणि सरकारही त्यांस ओळखून होते. त्या नियमांचे खरे मोल निराळेच आहे. ज्यांना मायदेशी स्वतःच्या श्रमावरही पूर्ण सत्ता नव्हती, त्या गड्यांनी परमुलुखात पाऊल टाकताच नोंदवह्या उघडल्या, आणि त्या नोंदवह्या खरोखरी लिहिल्या. 1881 मध्ये मॅनिटोबाच्या सीमा वाढल्या, ही भूमी त्या प्रांतात आली, आणि 1887 मध्ये नेहमीच्या पद्धतीची नगरपालिका स्थापन झाली.

तोवर पुष्कळ लोक निघून गेले होते. धर्मगुरूंच्या दोन पक्षांत वाद पेटला होता. एकीकडे योन ब्यार्नासन, दुसरीकडे पाल थोर्लाक्सन. वाद शास्त्राचा होता, पण त्याच्या पोटात भुकेचाही प्रश्न होता. येथे राहून काही निष्पन्न होणार नाही, असे थोर्लाक्सन यांचे मत झाले आणि 1878 पासून त्यांनी आपले अनुयायी सीमेपलीकडे, डाकोटा प्रदेशातील पेंबिना परिसरात नेले. त्यांच्यासाठी धान्य आणि गुरे त्यांनी स्वतःच्या पतीवर उधार घेतली, आणि 1882 मध्ये ऐन तारुण्यात ते क्षयाने वारले. 1880 च्या शरदात सरोवर चढले, कापून ठेवलेले गवत वाहून गेले, आणि उरलेल्यांचाही धीर खचला. काही डाकोटास गेले, काही 1881 च्या सुमारास मॅनिटोबाच्या दक्षिणेकडील आर्गाइल परिसरात. ‘फ्रामफारी’ 1880 मध्येच बंद पडले होते.

येथून खरी प्रेअरी सुरू होते. दृष्टी जाईल तेथवर गवत. वारा आला की ते समुद्रासारखे हलते. या समुद्राचे सरकारने आधीच चौकोन पाडून ठेवले होते. सहा मैल लांबरुंद असा एक मोठा चौकोन, त्यात एक चौरस मैलाचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग 640 एकरांचा आणि त्याचे चार समान तुकडे. कोपऱ्यांवर लोखंडी खुणा. ओढा कोठून वाहतो, टेकडी कोठे चढते याची ही मोजणी पर्वा करीत नाही. कॅनडाचा 1872 चा कायदा असा की, दहा डॉलर फी भरून असा एक तुकडा, म्हणजे 160 एकर, आपल्या नावे नोंदवावा. तीन वर्षे दर साल निदान सहा महिने तेथे राहावे. घर बांधावे, काही एकर नांगराखाली आणावेत. मग सरकार सनद देईल. अमेरिकेच्या 1862 च्या कायद्यात हीच मुदत पाच वर्षांची. यासच होमस्टेड म्हणत. कॅनडात स्त्रीला असा अर्ज करावयाचा तर ती कुटुंबप्रमुख असावी लागे. म्हणजे बहुधा विधवा. आणि 1876 च्या इंडियन कायद्याने मॅनिटोबा, वायव्य प्रदेश व कीवॅटिन येथील मूळ रहिवाशांना होमस्टेड घेण्यास अपात्र ठरविले होते. रेक्याविकहून आलेल्या माणसास जो अर्ज दहा डॉलरांत करता येत होता, तो जॉन रॅम्से वीस डॉलर घेऊन गेला असता तरी त्यास करता आला नसता.

चौकोनांशी प्रत्येकाने आपापल्या परीने जुळवून घेतले. दक्षिण रशियातून 1874 पासून आलेले मेनोनाइट लोक खेडी सोडावयास तयार नव्हते. त्यांनी आपापले तुकडे एकत्र केले, मध्ये एका रस्त्याच्या दुतर्फा घरे बांधली आणि शेताच्या लांब पट्ट्या आपसांत वाटून घेतल्या. कायद्यालाही मग खेड्यांसाठी पोटकलम घालावे लागले. आइसलँडकर मात्र मूळचेच सुट्या वाडीवर राहणारे; त्यांना शेजारी अर्ध्या मैलावर असणे जाचले नाही. त्यांनी केले ते एवढेच की, सरकारी आकड्यांच्या जागी वाडीला नाव दिले. दप्तरात अमुक चतुर्थांश, अमुक भाग, अमुक रांग. आणि पत्रावर लुंदी, ग्रुंद, म्हणजे राई, माळ. मायदेशी आडनाव नसे, मुलाच्या नावापुढे बापाचे नाव येई, जसे आपल्याकडे मधले नाव. ती ओळख कॅनडाच्या कारकुनांपुढे टिकली नाही, पण वाडीची नावे टिकली.

जमीन काळी होती, परंतु गवताच्या मुळ्यांनी ती हातभर खोल विणलेली होती. बैलांच्या जोड्यांनी ती ढेकळे उलथावयाची, मग ती कुजण्याची वाट पाहावयाची. लाकूड नसे तेथे गवताच्याच ढलप्यांचे घर. या एका कामात मात्र आइसलँडकरास कोणी शिकवावे लागले नाही. शरदात वणवे, म्हणून घराभोवती नांगरलेला पट्टा. विहिरीचे पाणी कधी खारट. बायका-मुली विनिपेगमध्ये घरकामास जात आणि त्यांच्या पगारातून शेतावर गाय येई. ज्या शेताचा अर्ज त्यांना स्वतःच्या नावे करता येत नव्हता, ते पुष्कळदा त्यांच्याच पैशावर उभे राहिले. याच वर्गातून पुढे मार्ग्रेत बेनेदिक्तसन यांनी 1898 ते 1910 पर्यंत ‘फ्रेया’ हे स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार करणारे मासिक चालविले. 1916 मध्ये कॅनडातील प्रांतांत सर्वप्रथम मॅनिटोबाने तो अधिकार दिला.

पिकाचा मोठा शत्रू म्हणजे लवकर पडणारे दहिवर. रेड फाइफ नावाचा गहू उत्तम, पण पिकावयास उशीर करी, आणि ऑगस्टअखेरच्या एका रात्रीत वर्षाचे श्रम गोठून जात. सरकारी शेतावर त्याचा संकर एका लवकर पिकणाऱ्या जातीशी करण्यात आला. त्या जातीचे नाव हार्ड रेड कलकत्ता. ती हिंदुस्थानातून गेलेली. या संकरातून निवडलेला मार्क्विस गहू सुमारे आठवडाभर आधी तयार होई. 1909 नंतर तो शेतकऱ्यांच्या हाती पडला आणि काही वर्षांतच प्रेअरीवरील बहुतांश वसंत-गव्हाची जागा त्याने घेतली. त्या सुवर्णरंगी शेतांत आपल्याकडील दाण्याचे रक्त होते, हे त्या शेतकऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

या साऱ्या पिढीचा खरा प्रतिनिधी निवडावयाचा तर स्तेफान गु. स्तेफान्सन यास निवडावे लागेल. 1853 मध्ये उत्तर आइसलँडमधील एका गरीब घरात त्याचा जन्म झाला. बरोबरीची मुले घोड्यांवर बसून शाळेसाठी निघालेली पाहून हा मुलगा रडला, ही आठवण त्याने पुढे सांगितली आहे. 1873 मध्ये तो अमेरिकेस आला. त्याने एकदा नव्हे, तीनदा नवी जमीन मोडली : आधी विस्कॉन्सिन, मग 1880 मध्ये डाकोटातील गार्डर, आणि 1889 मध्ये आल्बर्टात, रॉकी पर्वताच्या दृष्टिपथात, जेथे पुढे मार्करव्हिल गाव वसले. दिवसभर नांगर, दूध, कुंपण. आणि सर्व निजले की लेखन. त्याच्या काव्यसंग्रहाचे नाव ‘आन्दव्योकुर’, म्हणजे जागरणे. आइसलँडी भाषेतील श्रेष्ठ कवींत त्याची गणना होते, आणि ही कविता त्या भाषेच्या भूमीपासून हजारो मैलांवर, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या शेतकऱ्याने लिहिली. 1909 च्या उन्हाळ्यात त्याचा किशोरवयीन मुलगा गेस्तुर वादळात तारेच्या कुंपणास हात लागून विजेने मेला. ज्या कुंपणासाठी बापाने तीन ठिकाणी आयुष्य वेचले, त्याच कुंपणाची ती तार. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वतःचेच समाजबांधव सैन्यात भरती होत असता त्याने युद्धाविरुद्ध लिहिले आणि त्याबद्दल बरीच निंदा सोसली. 1917 मध्ये आइसलँडने त्यास सन्मानाने बोलावून नेले; 1927 मध्ये तो आल्बर्टातच वारला. त्याचे घर आज संग्रहालय म्हणून राखलेले आहे.

सरोवराकाठची जुनी वसाहतही पुन्हा हळूहळू भरली. नव्या बोटी आल्या, आइसलँडहून नवी माणसे आली, बर्फाखालची मासेमारी हा भरभराटीचा धंदा झाला. 1897 मध्ये तो राखीव पट्टा इतरांसाठी खुला करण्यात आला, आणि गॅलिशिया व बुकोव्हिना येथून आलेले युक्रेनियन शेतकरी मेंढीच्या कातड्याचे अंगरखे घालून पश्चिमेकडच्या रानात उतरले. त्यांच्या वाट्यास उरलेली, दगडगोट्यांची जमीन आली. बावीस वर्षांपूर्वी स्वतः कुऱ्हाड धरावयास शिकलेले आइसलँडकर आता जुने रहिवासी म्हणून त्यांच्याकडे पाहू लागले होते. आज गिमलीच्या परिसरात दोन्ही समाजांची देवळे जवळजवळ आढळतात, आणि ऑगस्टच्या आरंभी तेथे आइसलँडचा उत्सव भरतो.

जॉन रॅम्सेने बेट्सीच्या थडग्यावर पांढऱ्या संगमरवराची एक शिळा बसविली होती. संगमरवर त्या मुलुखात मिळत नाही. ती शिळा दक्षिणेकडून, वसाहतीबाहेरून आणावी लागली, आणि त्यासाठी शिकारीवर जगणाऱ्या त्या माणसाने किती कातडी विकली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तिच्यावर इंग्रजीत बेट्सीचे नाव आणि 1876 हे साल कोरलेले आहे. शिळेभोवती त्याने लाकडी कुंपण घातले होते. रॅम्से गेल्यावर ते कुजले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्या भागातील एका आइसलँडी सुताराच्या स्वप्नात रॅम्से आला, असे तेथे सांगतात. त्यास तो माहीत नव्हता. चेहऱ्याच्या वर्णनावरून म्हाताऱ्यांनी ओळखले. माझ्या बायकोच्या थडग्याचे कुंपण नीट कर, एवढेच त्याने सांगितले. सुताराने काही वर्षांनी लाकूड जमविले, नवे खांब तासले, शिळा सरळ केली आणि भोवती नवे पांढरे कुंपण घातले. ज्या नदीस आता आइसलँडी नदी म्हणतात, तिच्या मुखाजवळ ती शिळा अजून उभी आहे.